झिजलेला ह

वडिलांचा छापखाना ग्राफेनब्रुखच्या पुलापाशी होता.
बिअरच्या बाटल्यांची लेबलं, चर्चचं मासिक पत्रक, लग्नपत्रिका,
आणि अडतीस सालानंतर
टेकडीपलीकडच्या छावणीचे फॉर्म.

कमांडंट स्वतः आला होता. ब्रेहोफ.
पायपुसण्यावर बूट दोनदा घासले,
हातमोजे काढले, एकात एक घालून टोपीत ठेवले.
मी सोळा वर्षांची. बोटांना शाई, म्हणून हात मागे घेतले.
ते त्याच्या लक्षात आलं.
"कामाचे हात," म्हणाला, "लपवायचे कशाला?"

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं.
कुठे ठेवलं होतं ते विचारू नका.

मुद्रित त्याने उभ्या उभ्या पेन्सिलीने तपासलं.
वडिलांच्या नजरेतून निसटलेला स्वल्पविराम
त्याने अलगद धरला.
असं गिऱ्हाईक नशिबानं मिळतं, वडील रात्री सूप पिताना म्हणाले.

मग "संख्या" या रकान्यावर त्याचं नख थांबलं.
नीट कापलेलं नख.
"इथे तीनच अंक मावतील. चार मावायला हवेत."
कागदाची रुंदी तर ठरलेली.
जागा काढायची कुठून, वडिलांनी विचारलं.
"कारण" या रकान्यातून, तो म्हणाला.
"त्याला एवढा ऐसपैस कशाला? दरवेळी लिहायचं तरी कशाला?
छापूनच टाका:
हृदयक्रिया बंद पडून."

वडिलांनी खिळे जुळवले.
मीच जुळवले, खरं म्हणजे. त्यांची नजर अधू होत चालली होती.
खिळे जुळवताना कोणी वाचत नसतं.
अक्षर उलटं असतं, डोकं खाली,
बोटांना कळतं तेवढंच:
खाच योग्य बाजूला आहे ना, ओळ घट्ट बसली ना.
हे मी नंतर इंग्रज अधिकाऱ्यालाही सांगितलं.
त्याने लिहून घेतलं
आणि पुढचं पान उलटलं.

वेंझेल, आमचा उमेदवार पोरगा, एकदाच बोलला:
"एका महिन्याचा फॉर्म आहे ना हा? मग चार अंक?"
रूळ धुऊन ये, वडील म्हणाले.
तो धुऊन आला.
हेमंतात त्याला आघाडीवर बोलावणं आलं.

बेचाळीसच्या वसंतात तिसरी ऑर्डर.
या वेळी ब्रेहोफ आला नाही, त्याचा कारकून आला.
खालची ठिपक्यांची ओळ काढून टाका, म्हणाला,
साहेबांचा हात दुखतो.
सोबत एका कोऱ्या कागदावर साहेबांची सही,
शेपूट उजवीकडे वळवलेली.
तिचा ठसा करा.
आम्ही केला. सुबक झाला होता.

आणि सत्तेचाळीसमध्ये, कोर्टात,
तोच ब्रेहोफ, गळपट्टा सैल, तोच आवाज:
"ही सही माझ्या हातची नाही.
नीट बघा. छापील आहे."
वकिलाने कागद खिडकीच्या उजेडात धरला.
खरंच छापील होती.

मी तिसऱ्या बाकावर होते.
त्या कागदाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या टायपात,
"मुद्रक: रेनेके आणि कन्या".
"आणि कन्या" हे मी सोळाव्या वाढदिवसाला
हट्टाने मागून घेतलं होतं.
तेवढं बारीक कोणी वाचलं नाही.

तो साचा मी स्वतः सोडवला.
खिळे धुतले, ज्याच्या त्याच्या घरात परत टाकले.
शिसं महाग होतं तेव्हा, फेकणार कोण?
त्याच खिळ्यांनी पुढे एकतीस वर्षं पत्रिका छापल्या.
फक्त हृदयातला ह झिजला होता,
हजारो कागदांवर दाबून दाबून.
त्यामुळे आमच्या गावच्या प्रत्येक हेडविगचं,
प्रत्येक हार्टमुटचं नाव
लग्नाच्या दिवशी सुरुवातीलाच जरा फिकट उमटायचं.

लोक म्हणायचे, शाई कमी पडली.
मी हो म्हणायचे.